तबकडीवरचे नाव



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, लोकमान्यांवर बोलावे, फार तर आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या रोगांवर बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही आज रॉक अँड रोल ह्या विषयावर बोलायला उभे आहोत. पत्रक छापण्यापूर्वी चिटणीसांनी आम्हाला दोनदा विचारले की हा शब्द असाच लिहायचा ना, आणि आताच पायऱ्या चढताना एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी आमचा हात धरून विचारले, "अहो, ज्यात नुसते उड्या मारायच्या, त्यावर तासभर बोलण्यासारखे काय असते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर प्रथम आम्हाला आमच्याच गावच्या एका माणसाची हकीकत सांगावी लागेल.

आमच्या लहानपणी मुंबईची बोट पलीकडे दाभोळला लागे. तेथून तरीने वाशिष्ठीचे मुख ओलांडून, गोपाळगड उजव्या-डाव्या हाताला घेत चाकरमानी इकडच्या काठाला उतरत. शिमग्याला येणाऱ्यांच्या वळकट्यांबरोबर एक वर्षी एक लाकडी पेटी उतरली. चावीचा ग्रामोफोन होता तो. गावाच्या अंगावर पुढे एवढा मोठा वीजप्रकल्प येऊन बसणार आहे हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. घरात रॉकेलची चिमणी होती. परंतु ह्या पेटीला वीज लागत नसे. चावी फिरवायची, पत्र्याच्या डबीतली सुई घालायची, आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती लाखेची काळी तबकडी सव्वातीन मिनिटे गात असे. मग चावी पुन्हा फिरवायची.

पेटी आणणारे गृहस्थ आमच्या वाडीतलेच. सारे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. ते मुंबईत गिरगावच्या एका बँडात क्लॅरिनेट वाजवीत आणि बँडातल्या माणसाला मास्तर म्हणायची तेव्हा रीत होती. लग्नसराई नसली म्हणजे ते रोजावर सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात. त्या शिमग्यात त्यांनी एक तबकडी लावली आणि दुसऱ्या कडव्यानंतर एकदम हात वर केला. "ऐका. हे मी." सात-आठ स्वरांचा तो तुकडा, क्लॅरिनेट वर चढते, जरा ठुमकते आणि गाण्याच्या हवाली होऊन नाहीशी होते. पडवीत बसलेल्या मंडळींपैकी एकाने तबकडी उचलून कंदिलाशी धरली, मधल्या कागदी चकतीवरचा मजकूर वाचला आणि म्हणाला, "मास्तर, हिच्यावर तुमचे नाव कुठे दिसत नाही ते?" सगळे हसले. आम्हीही हसलो, आमचे वय आठ-नऊ असेल. पुढची दोन वर्षे आम्ही पोरे त्यांना पाहिले की हात वर करून "हे मी, हे मी" म्हणून ओरडत असू. तर श्रोतेहो, आजचे व्याख्यान त्या चकतीविषयी आहे.

त्या काळी ज्या माणसाच्या चाली घरोघर ह्या पेट्यांतून वाजत, ते रामचंद्र नरहर चितळकर; म्हणजेच सी. रामचंद्र. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातले पुणतांबे. पुण्यास गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी शिकलेले, म्हणजे विष्णू दिगंबरांच्या परंपरेतले. हे मुद्दाम सांगतो, कारण पाश्चात्त्य ताल आणणारा माणूस आपले काही न शिकताच तिकडे गेला असा एक समज असतो. नट व्हायला निघालेला हा मुलगा मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला बसला, आणि पुढे भगवान ह्यांच्या मारामारीच्या स्वस्त चित्रपटांना चाली देऊ लागला. १९४२ चा 'सुखी जीवन' हा त्यांतलाच. भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. दोघेही बेताच्या परिस्थितीतले, दोघेही धडपडे.

१९५१ साली भगवानांनी 'अलबेला' काढला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच; नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण ह्यांची आणि संगीत आपल्या जुन्या मित्राचे. पडद्यावरच्या नायकाचे अंग स्थूल, चेहरा शेजारच्या खोलीतल्या माणसाचा, आणि नाच म्हणाल तर हात किंचित उचलून, खांदे हलवीत, जागच्या जागी पावले सरकवण्याचा. ज्याला नाचता येत नाही त्यालाही तो नाच येतो. वरातीतला तो नाच आजही तोच आहे. नाचणाऱ्यांना त्याचा जनक ठाऊक नसतो एवढेच.

गाण्यांकडे वळू. 'शोला जो भडके' ऐका. बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. हिंदी चित्रपटाला तोवर ही संगत अशा थाटात ठाऊक नव्हती. 'दीवाना परवाना' ह्या गाण्यात तर पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक खराखुरा बँड दिसतो. त्याचा म्होरक्या चिक चॉकलेट. नाव ऐकून हसू नका. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ते हेच. ट्रंपेट असे वाजवीत की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. आणि ह्याच चित्रपटात लताबाईंच्या गळ्यातून 'धीरे से आजा री' हे पिलूच्या अंगाने जाणारे अंगाईगीत येते. एकाच संगीतकाराच्या एकाच पोतडीतून ह्या दोन्ही वस्तू निघाव्यात, हे आम्हाला ह्या चित्रपटाचे खरे नवल वाटते.

हे गोवेकर वादक मुंबईच्या स्टुडिओत आले कसे? गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून शाळा असत आणि त्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस आली. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन नीग्रो वादक (तो त्या काळचा शब्द, आज आम्ही कृष्णवर्णीय म्हणू) आपला ताफा घेऊन ताजमध्ये वाजवून गेला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. गोवेकर मुलांनी त्यांच्या शेजारी बसून जॅझ शिकून घेतला. पुढे मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. दारू गेली तशी हॉटेलांतली नाचगाण्यांची बैठकही विरळ झाली, आणि बँडवाल्यांना स्टुडिओचा रस्ता धरावा लागला. मोरारजीभाईंच्या कायद्याचा हिंदी चित्रपटसंगीतावर उपकार आहे, असे कोणी म्हटल्यास ते स्वतः किती दचकले असते!

स्टुडिओत काम असे चाले. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा. त्याचा साहाय्यक ती सारेगमात टिपून घ्यायचा. मग अरेंजर, जो बहुधा गोवेकर असे, ती पाच रेघांवर उतरवून कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवायचे हे वीस-तीस कागदांवर वाटून द्यायचा. दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत जे काही वाजते, त्यातले पुष्कळसे ह्या माणसाच्या डोक्यातून निघालेले असे. आणि ध्वनिमुद्रण? सारे वादक, गायक एकाच खोलीत, एकाच वेळी. एकाचा स्वर चुकला की सर्वांनी पहिल्यापासून. मास्तर सांगत, की दहा तास उभे राहून अकराव्या वेळी आपल्या आठ स्वरांत एक स्वर घसरला, म्हणजे पन्नास माणसे मान वळवून आपल्याकडे पाहतात. ते पाहणे विसरता येत नाही.

आता त्या उड्यांकडे येऊ. वडीलधाऱ्या श्रोत्यांनी कृपा करून मांडीवर हात ठेवावा. चार मात्रा मोजू. आपण टाळी देतो ती पहिलीवर. समेला वजन देण्याची आपल्याला सवय आहे. जाखडीच्या नाचातला पायही जोराच्या मात्रेवरच आपटतो. आता पहिली मात्रा हलकी सोडा आणि दुसरी व चौथी ह्यांवर टाळी द्या. देऊन पाहा. — बघा, मागच्या बाकावरच्या मुलांना लगेच जमले, आणि पुढल्या रांगेत अध्यक्षमहाराज हसताहेत. शरीर आपोआप मागे-पुढे होऊ लागते, कारण अपेक्षित जागी आधार मिळत नाही आणि अनपेक्षित जागी मिळतो. रॉक अँड रोल म्हणजे निम्मे हेच. उरलेले निम्मे म्हणजे बारा मात्रागटांचा एक साचा. षड्जावर उभे राहायचे, मध्यमावर जाऊन यायचे, पंचमाला स्पर्श करून घरी परतायचे. शब्दही तसेच: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. गांधार ना धड कोमल ना धड शुद्ध. दोहोंच्या मधोमध कण्हणारा. ज्यांनी दरबारीतला आंदोलित गांधार ऐकला आहे त्यांना हे कण्हणे परके वाटू नये. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबलेल्या गुलामांच्या वंशजांचे हे गाणे. त्याच्या तबकड्यांना तिकडचे व्यापारी कितीतरी वर्षे 'जातीच्या तबकड्या' म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड' ह्या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. नाव सुचवणारा जेरी वेक्सलर. माल तोच, गिऱ्हाईक तेच. पाटी तेवढी बदलली. पण पाटी बदलल्यावर गोऱ्यांची मुलेही दुकानात येऊ लागली, आणि तिथे रॉक अँड रोल जन्मला.

त्याचा पहिला मोठा गिटारवादक चक बेरी. जन्म १९२६, सेंट लुईस. मोटारींच्या कारखान्यात काम केले, केशभूषेचे शिक्षण घेतले, आणि १९५२ च्या अखेरच्या रात्री जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवादकाच्या तिघांच्या ताफ्यात एक वादक आजारी पडला म्हणून बदली गेला. बदली गेलेला माणूस काही दिवसांत ताफ्याचा मालक झाला! १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीने त्याची 'मेबेलीन' ही तबकडी काढली आणि ती दहा लाखांवर खपली. १९५९ साली त्याच कंपनीने त्याची बारा गाणी एका लाँग प्ले तबकडीवर एकत्र केली. तिचे नाव 'चक बेरी इज ऑन टॉप'. तिच्यातली बहुतेक गाणी आधी सुटी निघालेली होती, म्हणजे आपल्याकडे कवीच्या निवडक कवितांचा संग्रह निघावा तसे हे पुस्तक. पण इंग्लंडातल्या पोरांनी ते पाठ केले. बीटल्सनी १९६३ मध्ये त्यातले 'रोल ओव्हर बीथोव्हन' मुद्रित केले, रोलिंग स्टोन्सनी १९६४ मध्ये 'कॅरोल'. विजेच्या गिटारीच्या दोन तारा एकदम छेडून तुतारीसारखा पुकारा करायचा, आणि मग शब्दांनी गोष्ट सांगायची, ही पद्धत जगभर गेली ती मुख्यत्वे ह्या माणसाच्या हातून.

आता 'मेबेलीन'च्या चकतीकडे पाहा. रचनाकार म्हणून तीन नावे होती. एक बेरीचे. दुसरे ॲलन फ्रीड ह्या नभोवाणी-निवेदकाचे, तिसरे रस फ्रॅटो नावाच्या गृहस्थाचे. ह्या दोघांनी गाण्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. निवेदकाचे नाव घातले म्हणजे तो तबकडी वारंवार लावील, हा हिशेब. प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे रचनाकाराला मिळणारे पैसे तिघांत वाटले जात. संपूर्ण हक्क बेरीकडे परत यायला १९८६ साल उजाडले. एकतीस वर्षे! फ्रीड तर कधीच वारला होता.

बेरीवर अन्याय झाला हे खरे, म्हणून बेरी संत ठरत नाही. 'जॉनी बी. गुड' ह्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा आरंभीचा गिटारीचा पुकारा ऐका, आणि मग लुई जॉर्डनच्या ताफ्याची १९४६ सालची एक तबकडी ऐका. तिथे कार्ल होगन हा वादक जवळपास तोच पुकारा वाजवतो. होगनचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि तो पियानोवाला जॉनी जॉन्सन? पियानोवर बसून दोघांनी मिळून गाणी बांधली, असे त्याचे म्हणणे. गाण्यांवर नाव मात्र एकट्या बेरीचे. पुढे जॉन्सन सेंट लुईसला बस चालवीत होता. २००० साली त्याने दावा लावला. न्यायालयाने २००२ मध्ये दावा काढून टाकला, तो मुदतीच्या कारणावरून. फार उशीर झाला म्हणून. खरे-खोटे झालेच नाही. ज्याच्या नावावर इतरांनी हात मारला, त्याच्याच नावाखाली दुसऱ्याचे नाव दडले असण्याचा संभव राहिला. ही गुंतागुंत आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण असल्या गोष्टी सांगताना एक चोर आणि एक साव असे पात्रवाटप करण्याचा मोह आपल्याला फार होतो.

आता मुंबईस परत येऊ. १९५७ साली 'आशा' हा चित्रपट आला. किशोरकुमार आणि आशाबाई, दोघांनीही वेगवेगळे गायलेले 'ईना मीना डीका' आपल्या नातवंडांनाही पाठ आहे. हिंदी चित्रपटातले पहिले मोठे रॉक अँड रोल ते हेच. असे सांगतात, की संगीताच्या खोलीबाहेर मुले राज्य कोणावर ते ठरवण्याची इंग्रजी मोजणी म्हणत होती, ती अण्णांच्या — रामचंद्रांना सारे अण्णा म्हणत — कानावर पडली; आणि त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स ह्यांनी तिला 'मला नको' ह्या अर्थाच्या दोन कोकणी शब्दांची जोड दिली. म्हणजे ज्या गाण्याला आपण निरर्थक म्हणतो, त्यात अर्थ आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावरचा आहे! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुन्हा तबकडी ऐकली, आणि शब्द स्पष्ट ऐकू आले. इतकी वर्षे ते कानाशी होते.

सालांचा हिशेब पाहा. 'आशा' १९५७, 'जॉनी बी. गुड' १९५८, बेरीची ती लाँग प्ले तबकडी १९५९. तेव्हा रामचंद्रांनी बेरीची नक्कल केली असे म्हणणारा मनुष्य पंचांग पाहत नाही. बिल हेलीचा 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट १९५६ चा, त्याचे वारे मुंबईपर्यंत पोचले होते हे खरे. पण त्याहून खोल कारण असे, की लुई जॉर्डनच्या पिढीच्या ज्या संगीतातून बेरी निघाला, त्याच कुळीचे संगीत गोवेकर वादकांनी हॉटेलांत दहा-पंधरा वर्षे वाजवले होते. विहीर एकच, रहाट दोन. रामचंद्रांना उचलेगिरी वर्ज्य होती असेही आम्ही म्हणणार नाही. 'समाधी' (१९५०) मधले 'गोरे गोरे' ज्या परदेशी चालीवर बेतले आहे ती चाल १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटातली आहे. बेरीचे 'मेबेलीन' तरी काय, एका जुन्या खेडवळ गाण्यावरूनच बेतलेले. चाल इकडून तिकडे जायचीच. कीर्तनात नाटकाची, नाटकात उर्दू ठुमरीची आणि आरतीत सिनेमाची चाल आम्ही ह्याच गावात ऐकलेली आहे.

ह्या गाण्यांवर त्या काळी शिष्टांचा राग होता. आणि त्या रागाचे पुढारी मराठीच होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताची त्यांनी आकाशवाणीवर मोठी सेवा केली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांनी चित्रपटगीतांना दार लावून घेतले, तेव्हा श्रोते उठून सिलोनला गेले! डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री सारा देश परदेशी केंद्र लावून आपलीच गाणी ऐकू लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकर आणि रामचंद्र, दोघेही मराठी, दोघेही शास्त्रीय संगीताचे चाहते. एकाला वाटले की दुसऱ्याची वस्तू आत आली तर आपली बुडेल. दुसऱ्याने एका चित्रपटात पिलूची अंगाई आणि बोंगो शेजारी ठेवून दाखवले. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहोत, हे लपवीत नाही.

ह्याच संदर्भात एक गंमत सांगून पुढे जाऊ. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सूर्यमालेबाहेर धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. कोण्या परग्रहावरच्या प्राण्याला सापडली तर त्याने ऐकावी म्हणून. तिच्यात चक बेरीचे 'जॉनी बी. गुड' आहे, आणि गोव्याच्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवीही आहे. तबकडीवर रॉक घेण्यास ॲलन लोमॅक्स ह्या लोकसंगीताच्या जाणकाराचा विरोध होता. हे पोरवयाचे संगीत, असे तो म्हणाला. पृथ्वीवर पोरवयाची माणसे पुष्कळ आहेत, असे उत्तर कार्ल सेगन ह्यांनी दिले. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला निवर्तल्या, दुसरे यान निघाल्यानंतर अकराव्या दिवशी. ध्वनिमुद्रणाला सहजी तयार न होणारी ती मानी बाई आता बेरीच्या शेजारी बसून तारकांत फिरते आहे. केसकरसाहेबांना काय वाटले असते!

नावांकडे परत येतो. १९४९ च्या 'महल'मधले लताबाईंचे गाणे तबकडीवर आले तेव्हा चकतीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव! गाणाऱ्या जिवंत बाईपेक्षा न गाणारी कल्पित बाई मोठी. लोकांनी विचारणा केल्या, लताबाई हट्टाला पेटल्या आणि गायकांची नावे छापली जाऊ लागली. रामचंद्रांची स्वतःची तर चार नावे: संगीत देताना सी. रामचंद्र, गाताना चितळकर, कधी राम चितळकर, कधी अण्णासाहेब. ज्याच्या हाती चकती, तो चार नावे लावू शकतो. ज्याच्या हाती नाही, त्याला एकही नाही.

आणि ज्या अँथनी गोन्साल्विस ह्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाने कितीएक गाण्यांचे वाद्यमेळ बांधले, त्यांचे नाव देशाला कधी कळले? १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त, एका विनोदी गाण्यात, अंड्यातून बाहेर पडणाऱ्या नायकाच्या तोंडून. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य; त्यांनी प्रेमानेच ते नाव घातले, ह्यात शंका नाही. पण गाणे म्हणणाऱ्या कोट्यवधींना तो खराखुरा माणूस आहे हे ठाऊक नव्हते.

कायद्याने काही केले आहे का? केले आहे, आणि कसे केले ते ऐकण्यासारखे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क प्रथम मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार ह्यांचा मोबदल्यातला वाटा कोणालाही लिहून घेता येणार नाही असा पक्का केला. उत्तम झाले. परंतु त्याच दुरुस्तीत एक पोटवाक्य आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा गौण असेल, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा कोठेच दिले जात नाही, तो कलाकार समजला जाणार नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाल्यास तक्रार करण्यापुरता मात्र समजला जाईल. नीट ऐका. नाव छापले नाही हा अन्याय. आणि नाव छापण्याचा रिवाज नाही, हेच पुन्हा हक्क नसण्याच्या कारणांत एक. आमच्या पडवीतल्या गृहस्थाने कंदिलाशी तबकडी धरून हेच विचारले होते. त्याला निदान कायदेमंडळात बसण्याचा पगार नव्हता.

भगवानदादांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. 'अलबेला'ने त्यांना बंगला दिला, मोटारी दिल्या. पुढच्या चित्रपटांनी त्या परत नेल्या. दादर-परळच्या चाळीतल्या खोलीत त्यांचे शेवटचे दिवस गेले. २००२ च्या फेब्रुवारीत ते वारले. विसर्जनाची मिरवणूक त्या चाळीखाली थांबे, बँडवाले 'अलबेला'ची गाणी वाजवीत, आणि म्हातारे दादा खाली येऊन ती आपली दोन पावले टाकीत, असे सांगतात. अण्णा त्यांच्या वीस वर्षे आधी, ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. चिक चॉकलेट १९६७ मध्येच.

मास्तरही गेले. मुंबईतच गेले, त्यांचे सामान गावी आले तेव्हा आम्ही नोकरीनिमित्त बाहेर होतो. अलीकडे घर उतरवताना माळ्यावर त्यांची पेटी सापडली. क्लॅरिनेटच्या पट्ट्या गंजल्या आहेत. सोबत एक वाण्याच्या वहीसारखी लांबट वही आहे. तीत तारीख, स्टुडिओ आणि रुपये, असे तीन रकाने. चित्रपटाचे नाव बहुतेक ठिकाणी नाही, कारण वादकांना ते सांगितलेच जात नसे. गाणे मागाहून रस्त्यात ऐकू आले की कळायचे. काही ओळींपुढे मात्र, निराळ्या शाईने, गाण्याचे नाव घातले आहे. म्हणजे ऐकून, ओळखून, घरी येऊन त्यांनी ते भरलेले असावे. अशा नावांची संख्या आम्ही मोजली; सत्तेचाळीस भरली.

वही आज ह्या टेबलावर ठेवली आहे. पाने जीर्ण आहेत, तेव्हा मुलांनी हात लावण्यापूर्वी मोठ्यांना विचारावे. शेजारी तोच ग्रामोफोन आहे. स्प्रिंग चिपळूणहून नीट करून आणली, सुई नवीन घातली आहे. अध्यक्षमहाराजांची अनुमती असेल तर आभारप्रदर्शनापूर्वी ती तबकडी लावू. थोडी खरखर होईल. दुसरे कडवे संपले की क्लॅरिनेट येते, तिकडे कान द्या. फार वेळ राहत नाही.